निळ्या झाकणाची बरणी

बाबांनी पहिला घोट घेतला आणि ते काहीच बोलले नाहीत. पेला हातात, नजर बाल्कनीच्या कबुतरजाळीवर. मी दाराच्या चौकटीला टेकून उभा होतो. तापाने डोळे जळत होते, नाक चोंदले होते. पण त्या शांततेचा जो त्रास होत होता, तो फ्लूचा नव्हता.

तशीच शांतता मी आषाढापासून सोसत होतो. तेव्हा माझा पहिला कवितासंग्रह निघाला आणि पहिली प्रत मी बाबांच्या हाती दिली. विमा कंपनीत जन्मभर लोकांचे दावे तपासलेल्या त्या गृहस्थाने ती उलटसुलट करून पाहिली, "कागद चांगला वापरलाय" असे म्हटले आणि हॉलमधल्या फ्रिजवर ठेवून दिली. त्यानंतर एक अक्षर नाही.

आई माझ्या धाकट्या बहिणीच्या, गंधालीच्या, बाळंतपणासाठी टोरांटोला गेली आहे. बोरीवलीच्या या घरात आम्ही दोघेच उरलो आणि दोघेही एकदमच आडवे झालो. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. बाबा म्हणाले, "गोळ्यांनी ताप जाईल रे. पण सुहासिनीच्या काढ्याशिवाय घसा काही सुटायचा नाही." सुहासिनी म्हणजे माझी आई.

काढा करायचे मी ठरवले, ते घशासाठी नव्हे. माझ्या हातून झालेल्या कशाला तरी बाबांनी चांगले म्हणावे, एवढ्याचसाठी.

कुंडीतला गवती चहा कापला. तुळशीची पाने खुडताना उगाचच हळवा झालो. आले ठेचले, त्यासोबत अंगठाही. पाणी उकळू लागले तेव्हा आईने दळून ठेवलेली काढ्याची पूड घालायची होती: सुंठ, मिरी, पिंपळी, ज्येष्ठमध. फडताळात दोन बरण्या होत्या, एक लाल झाकणाची, एक निळ्या. दोन्हींत तपकिरीच काहीतरी. जाताना आईने विचारले होते, "चिठ्ठ्या चिकटवून ठेवू का रे बरण्यांवर?" मी म्हणालो होतो, "नको गं. नाव दिलं की वस्तू आपल्याला परकी होते." विमानतळावर जायची गाडी खाली उभी होती, म्हणून तिने वाद घातला नाही.

निळा हा मला गहनतेचा रंग वाटतो. संग्रहात तो पानोपानी सांडला आहे. निळे झाकण उघडले, वास घेतला. चोंदलेल्या नाकाने काहीच साक्ष दिली नाही. मी सढळ हाताने पूड घातली आणि पाणी निम्मे आटेपर्यंत ढवळत राहिलो. वर तेलाची बारीक सोनेरी वलये तरंगू लागली. वनस्पती आपले अंतरंग असे उघड करतात तर, असे मनात आले. एक ओळही सुचली. ती इथे देत नाही. तेवढी लाज अजून शाबूत आहे. मग गूळ घातला, गाळले, पेला बाबांना नेऊन दिला आणि पातेले त्यांच्याशेजारी ठेवले.

"देवदत्त," बाबा अखेर म्हणाले.

"काय?"

"फर्स्ट क्लास झालाय. अगदी तुझ्या आईसारखा."

मला भरून आले. नाक आधीच भरलेले होते. बाबांनी आणखी अर्धा पेला मागून घेतला आणि तो निवू नये म्हणून हात लांबवून फ्रिजवरचा माझा संग्रह काढला व झाकण म्हणून वर ठेवला. एरवी मी दुखावलो असतो. त्या क्षणी मात्र तो मला गौरवच वाटला. निदान माझी कविता काहीतरी ऊब धरून होती. आता पुस्तकाचे विचारावे, असा धीर गोळा करीत होतो, तोच आईचा व्हिडिओ कॉल आला. काढा केल्याचे मी तिला मघाशीच मेसेजने कळवले होते.

"काढा केलास म्हणे? कुठल्या बरणीतला?"

"निळ्या झाकणाच्या."

"अरे देवा! तो गोडा मसाला आहे रे! मी येईपर्यंत पुरायला हवा म्हणून दळून ठेवला होता."

पडद्याबाहेरून गंधालीचे हसू फुटले. "दादा, यार, बिनडाळीची आमटी पाजलीस तू बाबांना!"

"मला चांगला लागला," बाबा म्हणाले.

"अहो, पण तुम्हाला चव आहे का तोंडाला?"

"नाही. परवापासून मीठसुद्धा कळत नाही."

"दादा, उरलेल्यात तूरडाळ घाल," गंधाली म्हणाली. "वाया नको घालवूस."

फोन ठेवला. तेलाची ती सोनेरी वलये म्हणजे मसाल्यातले खोबरे आणि तीळ होते, हे मला आता उमगले. सुचलेली ओळ मी मनातल्या मनात खोडली.

"म्हणजे फर्स्ट क्लास वगैरे उगाच म्हणालात?"

"तू दारात असा उभा होतास," बाबा म्हणाले, "निकाल लागायची वाट बघत असल्यासारखा. काय म्हणणार माणूस?"

"मग पुस्तक दिलं तेव्हाही तसाच उभा होतो की. तेव्हा का नाही म्हणालात खोटं?"

त्यांनी पेल्यावरचे पुस्तक उचलले. मलपृष्ठावर वाफेचे ओले वर्तुळ उमटले होते, नेमके माझ्या छायाचित्रातल्या चिंतनमग्न कपाळावर. बाबांनी ते सदऱ्याच्या बाहीने पुसले, एकदा, मग पुन्हा, जरा जपून.

"बाबा, वाचलंत का तुम्ही ते?"

त्यांनी पुस्तक काखोटीला मारले, उरलेल्या काढ्याचे पातेले उचलले आणि ते स्वयंपाकघराकडे निघून गेले.