विश्वयुद्धाच्या मागचं पान

मित्रांनो, मी एक जुना संज्ञाकोश आहे, जगाच्या इतिहासाचा. राजे, सेनापती, तह, क्रांत्या, सगळे माझ्या पोटात अक्षरांच्या क्रमाने उभे आहेत. सम्राटालाही इथे रांग मोडता येत नाही. मला अभिमान आहे तो एवढ्याचाच.

मला लिहायला एका म्हाताऱ्या मास्तरांनी अकरा वर्षं घातली. छापखान्यात खिळे जुळवणारा वैतागून म्हणाला होता, "मास्तर, मेलेल्यांच्या एवढ्या तारखा वाचणार कोण?"

"जिवंत माणसं," मास्तर म्हणाले. भाबडे होते बिचारे.

शाळेच्या ग्रंथालयात पहिली काही वर्षं माझी चैन होती. शिक्षक मला दोन्ही हातांनी उचलायचे. मग परीक्षेत हमखास येणाऱ्या संज्ञांची यादी निघाली आणि पोरांनी ब्लेड आणलं. 'विश्वयुद्ध' ही माझी सर्वांत लांब नोंद. एका हुशार मुलाने ते पान सफाईने कापलं आणि मोज्यात घालून परीक्षेला नेलं. त्याला पैकीच्या पैकी गुण मिळाले, वर टाळ्या. पानाला मागची बाजू असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. मागे 'वेठबिगार' होता. त्याची कोणीच आठवण काढली नाही.

मी खालच्या फळीवर गेलो. शेजारी एक फुटका पृथ्वीगोल. सात वर्षं आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून होतो.

तिथून मला काढलं ते झाडूवाल्या मावशीने. वय बेचाळीस, नोकरी कच्ची. शालांत परीक्षा पास झाली तर कायम करू, असं शाळेने सांगितलेलं. दुपारच्या सुट्टीत फरशी पुसून झाली की ती हात कोरडे करायची आणि एकेका ओळीवर बोट ठेवून मला वाचायची. इतकं सावकाश मला कधी कोणी वाचलं नव्हतं.

तिच्या यादीतल्या वीसपैकी एकोणीस संज्ञा सापडल्या. विसाव्या संज्ञेला, 'वेठबिगार'ला, ती अडली.

"साहेब, दोनशे बारानंतर एकदम दोनशे पंधरा कसं?"

ग्रंथपालाने मानही वर केली नाही. "कापलं असेल कोणी. सोडून द्या मावशी, दोन गुणांचं तर आहे."

"दुसरीकडे कुठे मिळेल?"

"इतिहासाच्या सरांना विचारा."

"विचारलं की. म्हणाले, आधी जिना पुसा."

परीक्षा झाली, निकाल लागला आणि ती आली ती उत्तरपत्रिकेची प्रत घेऊनच. टेबलावर ठेवली.

"दोन गुणांनी गेले, साहेब. नेमकं तेच विचारलं होतं. मी लिहिलं, वेठबिगार म्हणजे माझी आई. भट्टीवर विटा वाहायची. तापाने फणफणली तरी सुटका नाही, मालकाला नाही म्हणायची सोय नाही, आणि हातावर दमडी नाही. तपासणाऱ्याने लाल रेघ मारली. कडेला लिहिलंय बघा, 'विषय सोडून'."

"मग पुढच्या वर्षी बसा परत."

"पुढच्या वर्षी कशाची नोकरी! सोमवारपासून दुसरी बाई येतेय."

विषय सोडून! मित्रांनो, मला पाय असते तर मी त्या तपासनिसाच्या टाळक्यात जाऊन पडलो असतो. मास्तरांची नोंदही हेच सांगत होती. फक्त तिच्यात आई नव्हती.

मावशीने ग्रंथपालाच्या टेबलावरचा डिंक घेतला आणि तो कागद लाल रेघेसकट माझ्यात चिकटवला, दोनशे बारानंतर.

"अहो, हे काय करताय?"

"पुढचीला तरी रिकामं सापडायला नको," ती म्हणाली. मला फळीवर ठेवलं, माझ्या पाठीवरची धूळ हातानेच पुसली आणि गेली.

त्याला नऊ वर्षं झाली. मला उघडायला पुढची कोणी आलीच नाही.

मित्रांनो, पुस्तकावर ब्लेड चालवू नका, हे तुम्हाला पाठ आहे. तरी चालवता. म्हणून मी दुसरंच मागतो. खालच्या फळीपाशी वाका, मला काढा आणि ते एक पान वाचा. त्याला गुण नाहीत. तरी वाचा.