डुकरासाठी भरलेला बार

धाकलूला काविळीने नेलं, आणि त्याच्या तेराव्यालाच त्याच्या धाकट्या भावाने, नामाने, बंदुकीची चौकशी केली. भावजयीची नाही, तिच्या पोरीची नाही. बंदुकीची!

ठासणीची, नळीच्या तोंडातून दारू आणि शिसं ठासून भरायची, एकनळी बंदूक होती ती. डोंगरातली डुकरं भात तुडवतात म्हणून सरकारने धाकलूला तिचा परवाना दिला होता. आता माणूसच गेला, तेव्हा बंदूक खालापूरच्या ठाण्यात जमा व्हायची, आणि पोलीस पाटील ज्याची शिफारस करील त्या वारसाला पुन्हा मिळायची. सदुसष्ट सालच्या कार्तिकात, भात कापणीला आलेलं असताना, कोंडाजी पाटलाने त्यासाठी दोघांना चावडीवर बोलावलं. दोघांना म्हणजे नामाला आणि धाकलूच्या बायकोला, पुतळाबाईला.

पुतळाबाई बंदूक स्वतः घेऊन आली. गावाबाहेर माळावरच्या घरापासून चावडीपर्यंत ती चालत आली, तेव्हा बाया दारात उभ्या राहून तोंडाला पदर लावून हसल्या. तिने बंदूक आणि दारूसामानाची पिशवी पाटलाच्या टेबलावर ठेवली.

"जपून, पाटील. भरलेली हाय. ह्येंनी डुकरासाठी बार भरला आणि त्याच सांजेला अंथरूण धरलं."

पाटलाने मान वरसुद्धा केली नाही. नामा मात्र हसला. "दोन महिने भिंतीला टांगलेली बंदूक. पावसात दारूचा चिखल झाला आसंल, वयनी. बार बी गेला आणि भरणारा बी गेला."

चावडीतली चार टाळकी खिदळली. पुतळाबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सख्ख्या भावाच्या मरणावर असं हसणारा माणूस तिने दुसरा पाहिला नव्हता. ती मागच्या सागाच्या खांबाला टेकून उभी राहिली.

पाटलाने छापील कागद पुढे ओढला. "नामाचा अर्ज हाय. तुझी हरकत नाय म्हणून हितं अंगठा उठव, की झालं."

"माझा बी अर्ज हाय. माळावर मी आणि माझी पोर पारू, दोघीच राहतो. बंदूक माझ्या घरात पायजे."

"बाई मानूस आणि बंदूक!" नामा उसळला. "अंधारात मांजर जरी हाललं तरी घाबरून बार टाकंल. उद्या गावातलं कोन मेलं तर?"

"भल्या मानसाचं अंधारात माझ्या दाराशी काय काम?"

पाटलाला हे उत्तर झोंबलं. त्याने तिच्या अर्जाचा कागद काढून एका रकान्यावर बोट ठेवलं. "हितं लिवायचं असतं, संरक्षण कुनापासून पायजे. सांग, कुनापासून?"

कुणापासून ते पुतळाबाई पक्कं जाणून होती. तेराव्यानंतर आठच दिवसांनी हाच नामा हातात कोयता घेऊन भरदुपारी तिच्या दारात उभा राहिला होता. शेत माझ्या नावावर कर, म्हणाला होता, नायतर एकटी बाई हायस, पोरीसकट कुटं गेलीस ते कुनाला कळायचं बी नाय. दुसऱ्या दिवशी तिचं कुंपण तुटलेलं होतं. पण घरच्या माणसाचं नाव चावडीवर घ्यायचं कसं? जगात तोंड दाखवायला जागा राहिली नसती. शिवाय घेतलं असतं तरी ऐकलं कोणी असतं?

"डुकरापासून," ती म्हणाली.

"मग डुकरं मारायला नामा हाय की!" पाटलाने रकाना तसाच कोरा सोडला, नामाचा कागद पुन्हा पुढे घेतला आणि शाईची डबी तिच्याकडे सरकवली. "चल, अंगठा."

"नाय देत."

नामाचं टाळकं सरकलं. चार माणसांत बाईने नाही म्हणावं! त्याने टेबलावरची बंदूक उचलली, पिशवीत हात घालून तांब्याची टोपी काढली आणि घोड्याखाली बसवली. गावात हा जुना चाळा होता. रिकाम्या बंदुकीला नुसती टोपी लावून फट्ट वाजवायची आणि बायापोरांना दचकवायचं.

"बगू दे, बंदूक ठेवनारीची छाती केवढी हाय!" त्याने नळी तिच्या कपाळावर रोखली.

"भावजी, भरलेली हाय! देवाशपथ भरलेली हाय!"

"अगं, वाजू दे तरी."

पाटील हसत होता. नामाचं बोट चापावर गेलेलं पुतळाबाईने पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

चावडी हादरली. कौलांवरची धूळ खाली आली आणि सगळीकडे धूर कोंडला. धूर विरला तेव्हा नामा पांढराफटक पडून उभा होता आणि सागाच्या खांबात, बरोबर पुतळाबाईच्या कपाळाच्या उंचीवर, शिशाचे चार तुकडे रुतले होते.

"गंमत केली मी," नामा पुटपुटला. "मला काय ठावं?"

मग सगळ्यांना कंठ फुटला, आणि तो तिच्यावरच. भरलेली बंदूक चावडीवर आणलीच कशाला, म्हणे. बाईला अक्कल नाही, म्हणे. पाटीलही घाम पुसत तेच म्हणाला. आपल्या माणसाला पाठीशी घालायला या लोकांना दम खायचीही गरज लागली नाही.

पुतळाबाई उठली. तिने खांबावरच्या त्या चार भोकांवरून बोट फिरवलं आणि ती टेबलापाशी आली. पारू घरी एकटी होती, आणि आज आपल्याला काही झालं असतं तर पोर याच माणसाच्या हाती गेली असती. तिची सगळी लाज त्या धुराबरोबर निघून गेली होती.

"बंदूक ठान्यात जाऊ द्या, पाटील. मला नको आणि त्याला बी नको. पन तो रकाना कोरा हाय. त्यो भरा."

"कसला रकाना?"

"संरक्षण कुनापासून पायजे त्यो. मघाशी मी खोटं बोलले. आता लिवा, दीर. चार मानसांनी डोळ्यांनी बगितलंय आणि खांब हितंच हाय."

पाटलाने चावडीभर नजर फिरवली. आता कोणी हसत नव्हतं. दोघांनी तर मान खाली घातली. त्याने टाक शाईत बुडवला आणि 'नामा' एवढं लिहून तो थांबला.

"नुसतं नामा नगं," पुतळाबाई म्हणाली. "बापाच्या नावासकट लिवा."