पाचनंतरची किल्ली

व्हर्लीन टॉलिव्हर एकोणीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयातल्या फरश्या पुसत होती. या नोकरीमुळे तिच्या मुलीची, ओडेटची, फी माफ होती. येत्या मे महिन्यात ओडेट नर्स होणार होती.

परीक्षेच्या आठवड्यात, संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास ओडेट तळघरात आईकडे आली. ती उंच होती, रुंद खांद्यांची, डोकं भादरलेलं, आवाज जाड. बायकांच्या स्वच्छतागृहात शिरली की मुली तिला न्याहाळत राहत. म्हणून ती तळघरातलं, 'सर्वांसाठी' अशी पाटी लावलेलं स्वच्छतागृह वापरायची. सप्टेंबरात फीत कापून त्याचं उद्घाटन झालं होतं. मात्र सुरक्षेच्या नियमाने पाच वाजता त्याला कुलूप लागे. पुढे किल्ली हवी असेल, तर विद्यापीठाच्या पोलीस चौकीत जाऊन वहीत कारण लिहायचं.

"आई, उघड ना."

"चौकीत जा की."

"जाऊनच आले. तिथला तो पोलीस ब्रुनर म्हणतो, नीट सविस्तर कारण लिही. सगळे हसत होते. तुझ्या कमरेला आहे ना किल्ली?"

किल्ली होती, पण झाडलोटीपुरती. विद्यार्थ्यासाठी दार उघडलं तर नोकरी जाईल, यावर व्हर्लीनची सही घेतलेली होती.

"मे महिन्यापर्यंत कळ काढ, पोरी. नोकरी गेली तर तुझी फी कोण भरेल? वर जा, पटकन उरकून ये."

"वर काय होतं ते तुला माहितीये."

"दोन मिनिटांचं तर काम आहे."

ओडेट वरच्या बायकांच्या स्वच्छतागृहात गेली. आरशासमोरच्या मुलीने तिला पाहिलं, एक शब्द विचारला नाही, बाहेर जाऊन चौकीत फोन लावला. "बायकांच्या बाथरूममध्ये एक काळा माणूस घुसलाय."

ब्रुनर लगेच आला.

"काय दादा, वाट चुकलात?"

"तुम्ही ओळखता मला. मघाशी किल्ली मागायला आले होते."

"मी कुणाला ओळखत नाही. ओळखपत्र दाखव."

तिने पिशवीत हात घातला. त्याने तो हात पिरगाळून तिला बेसिनवर दाबलं. मनगटातून कट्‌कन आवाज आला. ती फरशीवर कोसळली आणि इतका वेळ आवरून धरलेलं आवरता आलं नाही. दारात मुलं मोबाईल धरून उभी होती.

व्हर्लीनच्या वॉकीटॉकीवर निरोप आला, "वर काहीतरी सांडलंय. पुसून घे."

ती बादली घेऊन वर आली.

तीन आठवड्यांनी चौकशी समिती बसली. अध्यक्ष डॉ. व्हिटकम मृदू आवाजाच्या बाई होत्या. "ब्रुनर यांनी पूर्वग्रहाविषयीचं प्रशिक्षण पूर्ण केलेलं आहे," त्या म्हणाल्या. "शंभरपैकी शंभर गुण."

"त्या प्रशिक्षणाची फिल्म रिकाम्या खोलीत चालू होती, बाई," व्हर्लीन म्हणाली. "मी तिथे पुसत होते. हे पोलीस बाहेर पत्ते खेळत होते. शेवटी एकाने आत येऊन सगळ्यांच्या नावाने उत्तरं भरली."

"ते आजच्या विषयात बसत नाही. त्या वेळी तुमच्याकडे किल्ली होती?"

"होती."

दुसऱ्या दिवशी अहवाल आला. सोय उपलब्ध होती, पोलिसांनी नियम पाळला. सफाई कर्मचाऱ्याने किल्ली असूनही मदत केली नाही. हे मान्य असल्याची सही केली तर व्हर्लीनची नोकरी आणि ओडेटची फीमाफी, दोन्ही राहणार होत्या.

स्वयंपाकघरात टेबलावर कागद पडला होता. प्लास्टरमधल्या हाताने ओडेटला मक्याची भाकर तोडता येत नव्हती. आई घास करून देत होती.

"सही कर, आई. मे महिन्यापर्यंत कळ काढू."

आपलेच शब्द मुलीच्या तोंडून ऐकून व्हर्लीनचा हात थांबला. "मी उघडलं नाही, हे खरं," ती म्हणाली. "त्याची सही मी मरेपर्यंत करीन. पण यांच्या कागदावर नाही."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला तिने तळघरातलं दार उघडलं आणि शेजारी खुर्ची टाकून बसली. थोड्या वेळाने एक भेदरलेलं पोरगं जिन्यात थबकलं.

"चालू आहे का, मावशी?"

"चालू आहे. जा."

"कारण लिहायचं?"

"नाही."

ते आत गेलं. आतून कडी लागली. तेवढ्यात वर जिन्यावर बूट वाजले आणि ब्रुनरचा आवाज आला, "हे कुणी उघडलं?"

व्हर्लीनने खुर्ची ओढून बरोबर दारासमोर घेतली.

"मी," ती म्हणाली. "आत माणूस आहे. थांब."