आईच्या हातातलं सोनं

अमेनानने दुसरं लिंबू चिरलं, सोन्याच्या चेहऱ्यावर पिळलं आणि चिंधीने घासायला घेतलं. सकाळीच कोंबडी कापून, पितरांना सांगून घराण्याची पेटी उघडली होती. आईला पुरण्याआधी दुपारी अंगणात आणायचं होतं आणि तिच्या पायाशी हे सगळं सोनं मांडायचं होतं. आजवर ते आईच घासायची, कुणाला हात लावू द्यायची नाही. आता लेकीची पाळी.

"अगं, दोनचार लिंबं मासळीला ठेव!" शेजारची अजो दारातून ओरडली.

अमेनानचं लक्षच नव्हतं. चिंधी हिरवट झाली होती. तिने बोटं नाकाशी नेली. पितळ! पेटीतले बाकीचे दहाही सोन्याचे डाग तिने पुन्हा पुसून पाहिले, चिंधी स्वच्छ निघाली. खोटा हा एकच. तळहाताएवढा, दाढीवाल्या पूर्वजाचा चेहरा, पेटीतला सगळ्यांत जुना डाग.

पेटीची किल्ली ब्रूमामांकडे. आईचे थोरले भाऊ, घराण्याचे कर्ते. तिने त्यांना आत बोलावलं, दार लोटलं आणि चिंधी पुढे धरली. मामांनी खाली बघत दाराला कडी घातली.

"कधी विकलात?"

"नऊ वर्षं झाली. क्लेमांला फ्रान्सला जायचं होतं."

"क्लेमां तुमचा मुलगा. तो त्याच्या आईच्या घराण्याचा. या सोन्यावर त्याचा काय हक्क?"

"म्हणूनच तर! भाच्यांचं बघायला अख्खं घराणं आहे. पोटच्या पोराचं बापाने नाही तर कुणी बघायचं?"

"लाज वाटायला हवी होती, मामा. आईला कळलं असतं तर?"

"कळलं असतं?" मामांनी मान वर केली. "ओतारी तिनेच शोधला. नकलेसाठी अस्सल चेहरा तिनेच पेटीतून काढून दिला."

सहा वर्षांपूर्वी पहिली मुलगी झाली तेव्हा अमेनान हाच चेहरा गळ्यात घालून बाजारभर मिरवली होती. आईने स्वतः दोरी बांधली होती. "मान ताठ ठेव, अंगावर सोनं आहे," असंही म्हणाली होती, आणि पुढे होऊन नाचली होती. अमेनानची कानशिलं तापली. मामांचं एक वेळ समजेल, बाप होते. पण आईने? आईने केसाने गळा कापला.

"झाकली मूठ राहू दे," मामा काकुळतीला आले. घराण्यातलं माणूस गेलं की एक डाग त्याच्या हातात देऊन पुरतात, आणि बाई गेली की तो निवडायचा लेकीने. "हा मागे कुठेतरी मांड. तिच्या हातात तो लहान मणी दे, खरा आहे. खोटं घेऊन गेली तर पितर तिला बसायला जागा देणार नाहीत गं. आई आहे तुझी."



दुपारी अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. आईच्या अंगावर निळं-पांढरं हातमागाचं कापड, पायाशी अकरा डाग. अमेनान वाकली. तिचा हात मण्यापाशी थांबला, आणि तिने चेहरा उचलला. बायकांनी गलका केला.

"सगळ्यांत मोठा दिला! लेक असावी तर अशी!" अजो म्हणाली.

आईच्या थंडगार तळव्यावर तो ठेवताना अमेनानला रडू फुटलं. बायका तिची पाठ थोपटू लागल्या.

आता कर्त्याने बोलायचं. पितरांच्या आसनावर हात ठेवून म्हणायचं, हे आमचं खरं सोनं, आमच्या हाताला डाग नाही, हिला आत घ्या. त्या आसनावर खोटं बोललेला माणूस वर्ष काढत नाही, हे आमच्यात शेंबडं पोरही जाणतं. मामांनी हात ठेवला. ढोल थांबले. सगळे मामांच्या तोंडाकडे बघत राहिले.

"बोला ना, मामा," अमेनानने डोळे पुसले. "आई खोळंबलीय."