हवा काढणारे हात

विजेच्या दिव्याचा शोध आमच्या ह्यांनी लावला, असं ते स्वतःच सगळ्यांना सांगतात, तेव्हा खरंच असणार. काचेत तार तापवून उजेड पाडणारे ह्यांच्याआधी निदान डझनभर होऊन गेले. पण त्यांचा विषय निघाला की ह्यांना नेमकं काहीतरी काम आठवतं.

अडचण सगळ्यांची एकच. काचेच्या फुग्यात जरा जरी हवा राहिली, तरी आतला कोळशाचा धागा भुर्रकन जळून जायचा. ती हवा काढायची पाऱ्याच्या पंपानं. वरून पारा ओतायचा, तो नळीतून खाली पडताना थोडी थोडी हवा ओढून नेतो, मग खाली साचलेला पारा उचलून पुन्हा वर ओतायचा. दिवसभर हेच. असलं कंटाळवाणं काम शोध लावणाऱ्यानं थोडंच करायचं असतं? ते मेव्हण्यानं करायचं. म्हणजे माझ्या धाकट्या भावानं.

आधी त्याचे दात हलायला लागले, मग हात. डॉक्टर म्हणाले, "पाऱ्याची वाफ अंगात भिनतेय. पंप सोडवा, नाहीतर हा माणूस हातचा जाईल." मी ह्यांच्या मागे लागले. ह्यांचं उत्तर ठरलेलं, "एकदा दिवा टिकू दे, मग त्याला आरामच आराम." आणि भाऊही त्यांचीच री ओढायचा! दोघांच्या अकलेची आरती ओवाळावी असं वाटायचं.

शेवटी दिवा दाखवायचा दिवस उजाडला. पाहुण्यांना दोन-दोन करून कारखान्यात सोडायचं, दिवा लावायचा आणि धागा जळायच्या आत "चला, चहा गार होतोय" म्हणून बाहेर काढायचं, अशी ह्यांची युक्ती. पण त्या संध्याकाळी दिवा विझलाच नाही. शेवटची जोडी आली तरी जळतच होता. ह्यांना तर आभाळ ठेंगणं झालं.

वर्तमानपत्रवाल्यानं विचारलं, "इतकी हवा काढली कुणी?"

"मीच. ह्या हातांनी," हे म्हणाले. तोंड वर करून! भाऊ शेजारीच उभा होता. तोही मान डोलावत होता.

मग फोटोची टूम निघाली. फोटोवाल्यानं बजावलं, "मी सांगेपर्यंत कुणी हलायचं नाही." भावाच्या हातात दुसरा एक दिवा दिला होता. त्याचे हात काही केल्या थांबेनात.

"तू बाजूला हो रे," हे खेकसले, "तुझ्यापायी फोटो पुसट येईल."

तो मुकाट्यानं बाजूला झाला. फोटो निघाला आणि लगेच ह्यांचा दुसरा हुकूम सुटला, "अजून ढीगभर दिवे करायचेत. बस पंपावर."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाहुण्यांसमोरच म्हटलं, "फोटोला चालत नाहीत ते हात पंपालाही मिळणार नाहीत. मी ह्याला घेऊन माहेरी चालले."

"अगं, मग पारा कोण ओतणार?"

"आत्ताच सांगितलंत की, कुणाच्या हातांनी ते."

वर्तमानपत्रवाल्याची पेन्सिल थांबली. ह्यांचं तोंड पाहण्यासारखं झालं.

रस्त्यात भाऊ सारखा मागे वळून कारखान्याच्या खिडकीकडे बघत होता.

"ताई, जरा थांबू या ना. अजून किती टिकतोय बघू."

ह्याच्या काळजीनं मी अर्धी झाले होते, आणि ह्याला काळजी दिव्याची! "विझू दे मेला," म्हणत मी त्याचे दोन्ही हात गच्च धरले. ते माझ्या मुठीतही थरथरतच राहिले.