कोरडी चादर

मावशींनी डाव्या हाताने गादीचा कोपरा उचलला, चादरीचं टोक खाली सारलं आणि तळहात फिरवून शेवटची सुरकुती घालवली. खाट नंबर सात. नवी बाळंतीण अजून यायची होती. त्यांनी घातलेल्या चादरीवर सुरकुती सापडत नसे, म्हणून अख्खा वॉर्ड त्यांना इस्त्रीमावशी म्हणायचा. या नावाचा त्यांना अभिमान होता. परवापर्यंत होता.

"मावशी, मोठ्या डॉक्टरांच्या खोलीत दोन खुर्च्या जास्त लागतील," सिस्टर दारातून म्हणाली. मग जवळ येऊन तिने आवाज उतरवला. "सातच्या मृत्यूची चौकशी आहे. खुर्च्या ठेवा आणि निघा. दोन वर्षं राहिलीत तुमची निवृत्तीला."

"आणि कोणी विचारलं तर?"

"तुम्हाला कोण विचारतंय?"

हे ती खवचटपणे बोलली नव्हती. बारा खाटांना ती एकटी होती आणि परवापासून तिचाही डोळ्याला डोळा लागला नव्हता. मावशींनी खुर्च्या नेऊन ठेवल्या. बाहेर येताना दार लोटलं, पण बोटभर फट राहू दिली.

"रक्तस्राव किती होता?" आत एक अनोळखी बाई विचारत होत्या.

"नेहमीइतकाच," मोठे डॉक्टर म्हणाले. "दहाच्या राउंडला मी स्वतः पाहिलं. चादर कोरडी होती, पेशंट बोलत होती. तासाभराने एकदम कोसळली. अशा वेळी कोणाच्या हातात काही नसतं."

"चादर कोरडी होती?"

"अगदी. सिस्टरना विचारा."

आत बसलेली सिस्टर हो म्हणाली.

यात खोटं काहीच नव्हतं. दहाला पाच मिनिटं असताना मावशींनीच ती चादर घातली होती.

राउंडच्या आधी वॉर्ड लख्ख हवा, हा इथला शिरस्ता. फार वर्षांपूर्वी एका खाटेवर डाग दिसला, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी चादर ओढून मावशींच्या खांद्यावर टाकली होती. बारा बायकांसमोर. त्या दिवसापासून राउंडला एकही डाग कोणी पाहिला नव्हता. डाग पडायचे थांबले नव्हते, एवढंच.

सातवाली पोरगी पहाटे मोकळी झाली होती. पहिलटकरीण. आठच्या सुमारास तिने खुणेने जवळ बोलावलं.

"मावशी, चादर खराब झाली हो. सॉरी."

"अगं, बाळंतिणीने नाही खराब करायची तर काय मी करायची?"

ती हसली होती. अर्ध्या तासाने पुन्हा बोलावलं. तेव्हाही सॉरी म्हणाली. तिसऱ्यांदा नुसती बघत राहिली. ती चादर दोन्ही हातांनी उचलावी लागली, इतकी जड झाली होती. मावशींनी गेल्या तीस वर्षांत कितीतरी चादरी पिळल्या होत्या. नेहमीचं किती आणि जास्त किती, हे सांगायला त्यांना मोजमाप लागत नव्हतं. त्या तडक सिस्टरकडे गेल्या.

"सातला अंगावरून फार जातंय."

सिस्टर दुसऱ्या खाटेवर सलाईनची सुई लावत होती. तिने मान वर केली नाही. "डॉक्टर येतातच आहेत, ते बघतील. तोवर चादर बदला, नाहीतर माझा उद्धार होईल."

मावशींनी बदलली. काढलेल्या चादरींची बादली मोरीच्या दाराआड सरकवली. डॉक्टर आले, त्यांनी खाटेवर नजर टाकली, म्हणाले, "बरं वाटतंय ना?" पोरगी हो म्हणाली. तोवर ते आठ नंबरकडे वळलेही होते. मावशी मोप घेऊन भिंतीशी उभ्या होत्या. डॉक्टर, जरा थांबा, एवढंच म्हणायचं होतं. त्यांनी तोंडातून ब्र काढला नाही.

"आणखी कोणाला बोलवायचंय?" आतल्या बाईंनी विचारलं.

"नाही. एवढाच स्टाफ."

मावशींचा हात दारावर होता. तो त्यांनी काढून घेतला, आणि स्वतःची इतकी शरम त्यांना कधी वाटली नव्हती.

बाहेर बाकावर त्या पोरीची आई बसली होती, मृत्यूच्या दाखल्याची वाट बघत. मांडीवर दुपट्यात नात होती.

"तुम्हीच ना इस्त्रीमावशी?" आई सरकून जागा करत म्हणाली. "त्या दिवशी सकाळी फोनवर सांगत होती. एक मावशी आहेत, माझं सगळं करतात, तोंड वाकडं करत नाहीत."

मावशी बसल्या.

"राउंड झाल्यावर मला दोन मिनिटं आत सोडलं," आई सांगू लागली. "चेहरा पांढराफटक वाटला मला. कोणाला तरी हाक मारणार होते. पण मग चादर पाहिली. स्वच्छ, कोरडी. म्हटलं, सगळं ठीकच असणार, मी उगाच घाबरतेय. आणि बाळाचे कपडे आणायला घरी गेले." तिने दुपट्याची कड नीट केली. "पोर घाणीत नाही पडली, एवढं तरी झालं. तुमचे उपकार आहेत."

मावशींनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. फिनेलने बोटांची टोकं सोललेली होती.

"ती चौथी होती," त्या म्हणाल्या.

"कोण?"

"चादर. तुम्ही पाहिली ती. डॉक्टरांनी पाहिली ती. आधीच्या तीन मी बादलीत घालून मोरीत लपवल्या होत्या. भरलेल्या होत्या."

बाळ कुरकुरलं, पण आईचं तिकडे लक्ष गेलं नाही.

"हे आत सांगितलंत?" तिने विचारलं.

"मला कोणी विचारलं नाही."

आईने बाळ खांद्यावर घेतलं आणि ती उठली. मावशींना उठायला जड जातंय हे तिला दिसत होतं, पण तिने हात दिला नाही.

"चला," ती म्हणाली. "मी विचारते."