पुसल्याशिवाय कोणाला देऊ नये

मी एक जुनी चित्रफीत आहे, मित्रांनो. रुंदी दोन इंच. लांबी विचाराल तर अख्ख्या शहराला वेढा घालून वर गाठ मारता येईल एवढी. वजन असं, की मला फळीवरून उतरवताना भल्याभल्यांना आई आठवते. यातलं एक अक्षर जरी खोटं निघालं तरी माझी गुंडाळी भर रस्त्यात सुटो! एकदा सुटलीही होती म्हणा, पण ते वेगळ्या कारणाने.

माझा जन्म फार सोवळ्यात झाला. कारखान्यातली माणसं डोक्यापासून पायापर्यंत पांढरी. एक बाई शिंकली, तर तिला तीन दिवस घरी बसवलं आणि खोली सात वेळा धुतली. माझ्या अंगाला तपकिरी भुकटी फासली. ती भुकटी म्हणजे काय? तर गंज, दुसरं काही नाही. लोखंडाला गंज चढला की लोक त्याला भंगारात टाकतात. मला चढवला, तर मी साहेबाच्या पगारापेक्षा महाग झाले. जगाचा न्याय असा असतो, हे मला पाळण्यातच कळलं.

मग मला दूरदर्शनच्या एका केंद्रात आणलं. तेव्हा तिथे ‘काळाचं कपाट’ नावाची मालिका चालू होती. एक विसरभोळा प्राध्यापक कपाटात शिरायचा, दार लावून घ्यायचा आणि दुसऱ्याच युगात बाहेर पडायचा. दुसऱ्या पर्वाचे सहा भाग होते, त्यांना आम्ही सहा बहिणी. पहिलीवर तो डायनासोरांच्या काळात गेला. डायनासोर रबराचा होता आणि त्याच्या शेपटीत एक वायरमन झोपला होता. तिसरीवर तो दहा हजार वर्षं पुढे गेला, तर तिथेही भिंतीचा रंग ओलाच. पण बघणारे श्वास रोखून बघायचे. त्या वेळी रस्त्यावर कुत्रंसुद्धा फिरकत नसे. मी सहावी, शेवटची, म्हणून सगळ्यांची लाडकी.

आता त्या कपाटाची गोष्ट ऐका, कारण सगळं पाप त्यातच आहे.

केंद्राकडे कपाटाला पैसे नव्हते. नेपथ्याचा सुतार होता, उजव्या हाताची साडेतीन बोटं असलेला. करवतीने करंगळी अख्खी आणि शेजारचं बोट अर्धं खाल्लं होतं. आवाज असा, की तो बोलला की वाटावं कुणीतरी फणसाच्या लाकडात रंधा मारतंय. त्याची बायको बहिणीकडे गेली होती. तेवढ्यात या गड्याने तिचं माहेरून आलेलं कपाट हातगाडीवर घातलं आणि केंद्रात आणलं. आतल्या साड्या चादरीत बांधून पलंगाखाली सरकवल्या. बायको परत आली, तर भिंतीवर कपाटाच्या आकाराचा स्वच्छ चौकोन!

“माझं कपाट?”

“विज्ञानाला दिलंय.”

“मला न पुसता?”

मित्रांनो, ही बाई जुन्या वळणाची. ती ‘विचारलं’ म्हणत नसे, ‘पुसलं’ म्हणे. वाण्याला भाव पुसे, शेजारणीला खुशाली पुसे. आणि त्या दिवसापासून नवऱ्याला दिवसातून दहा वेळा पुसू लागली, “माझं कपाट नेलंत, मला पुसलंत?” तिने शपथ घेतली. “कपाट परत येईल त्याच दिवशी तुमचं ते काळबीळ बघीन. तोवर नाही.”

इकडे शेवटच्या भागाचं चित्रण सुरू झालं. काळाच्या टोकाला एक पहारेकरी उभा असतो, तो प्राध्यापकाऐवजी कपाटात शिरतो, असा प्रसंग. पहारेकऱ्याच्या नटाला गालगुंड झालं. दिग्दर्शकाने सुताराची मान पकडली, अंगात झगा घातला आणि बजावलं, “एकच वाक्य आहे. ‘युगे संपली, मी परत येईन.’ म्हण आणि आत जा.”

सुतार कपाटापाशी गेला. दार ओढलं. बिजागरी कुईऽऽ करून किंचाळली. बायकोचं कपाट, सुताराचा जीव! युगे वगैरे डोक्यातून साफ उडाली. तो प्राध्यापकाकडे वळून म्हणाला, “दाराला तेल घाला. मी येतोच.” आणि आत शिरून साडेतीन बोटांनी दार ओढून घेतलं. कुईऽऽ.

दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला, पण पुन्हा चित्रण करायला वेळ नव्हता. ते वाक्य माझ्या अंगावर तसंच राहिलं.

आणि काय सांगू, तेच गाजलं! प्राध्यापकाला कुणी पुसेना. शाळेत, दवाखान्यात, बसच्या रांगेत, निरोप घेताना माणसं म्हणू लागली, “दाराला तेल घाला, मी येतोच.” मुलं सुताराच्या मागे ओरडत फिरायची. त्याची बायको तेवढ्या वेळापुरती खिडकी लावून घ्यायची. ज्या दिवशी मला घरोघर दाखवलं, त्या दिवशी ती भिंतीकडे तोंड करून बसली होती. त्या चौकोनाकडे.

मालिका संपली. कपाटाचं काय झालं म्हणता? साहेबांचा हुकूम आला, फीतघरात फळ्या कमी आहेत. सुताराने स्वतःच्या हाताने ते कपाट कापलं आणि त्याच्या फळ्या ठोकल्या. बायकोला म्हणाला, “कपाट अजून भविष्यकाळात आहे.” हा विनोद त्याने वीस वर्षं पुरवला.

मी त्यातल्याच एका फळीवर उभी राहिले. आणि माझ्या डोळ्यांदेखत माझ्या बहिणी गेल्या. फिती महाग, म्हणून एकदा दाखवलं की पुसायचं आणि नवं भरायचं, असा केंद्राचा नियम. पुसायला एक माणूस होता. बत्तीस वर्षं त्याने दुसरं काही केलं नाही. सगळे त्याला ‘बोळा’ म्हणत. पाटी पुसायचा बोळा असतो ना, तोच. माणूस वाईट नव्हता. वाईट माणसाला निदान मजा तरी येते. हा नुसता नियमाचा होता. पहिलीला पुसून तिच्यावर हवामान भरलं. दुसरीवर चित्रकलेचा पाठ. तिसरीवर बुद्धिबळ, अडीच तास दोन माणसं गप्प. चौथीवर कुणाचं तरी भाषण. पाचवीला पुसलं आणि वर काही भरलंच नाही, विसरले. ती अजून कोपऱ्यात आहे. तिला हाक मारली तर सूंऽऽ करते.

मला तेवढं फीतघर सांभाळणाऱ्या बाईंनी मागच्या रांगेत दडवलं. नियम मोडून. त्यांना ते वाक्य फार आवडायचं. कुलूप लावून घरी जाताना त्या माझ्याकडे बघून म्हणायच्या, “तेल घाला हं.”

मग सुताराच्या घशाला रोग झाला. डॉक्टरांनी जीव ठेवला आणि आवाज काढून घेतला. आता त्याच्या गळ्यात एक दगडी पाटी असायची, तिच्यावर लिहून बोलायचा. बायकोची पंचाईत झाली. चाळीस वर्षं भांडायची सवय, आणि आता भांडण लेखी! ती तीन वाक्यं बोलून घ्यायची तोवर हा पहिल्या शब्दाची वेलांटी काढत बसायचा. एके दिवशी ती केंद्रात येऊन धडकली.

“ताई, आमच्या यांचं एक वाक्य तुमच्याकडे आहे म्हणतात.”

“आहे,” बाई म्हणाल्या. “तुम्ही पाहिलं नाहीत कधी?”

“नाही. माझा रुसवा होता.”

“अजून आहे?”

“रुसायला समोरून आवाज लागतो हो. हल्ली मी ओरडते आणि घरात माझाच आवाज घुमतो. एकदा ऐकवा. यांना घेऊन येते. डॉक्टर म्हणतात, फार दिवस नाहीत.”

फीतघरातलं फीत दाखवायचं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. बाईंनी गुरुवारी बोलावलं. पण म्हातारीचा कुणावर विश्वास कसला! “तोवर कुणी नेली तर? माझं एक कपाट असंच नेलं.” तिने कागद मागितला, जाड पेन मागितलं, आणि माझ्या फळीवर कोपर टेकून ठसठशीत अक्षरात चिठ्ठी लिहिली. मी ज्या फळीवर उभी, ती तिच्याच कपाटाची. तिला ते कळलं नाही. चिठ्ठी माझ्या डब्यावर चिकटवून तिने वरून मूठ मारली. चिठ्ठीत लिहिलं होतं:

‘पुसल्याशिवाय कोणाला देऊ नये.’

बुधवारी बाईंची दाढ काढायची होती, म्हणून त्या रजेवर. नेमकं त्याच दिवशी क्रीडा विभागाला वजन उचलण्याच्या स्पर्धेसाठी फीत हवी झाली. बोळा रांगेतून फिरत माझ्यापाशी आला. चिठ्ठी वाचली. पुन्हा वाचली. चेहऱ्यावर असं समाधान पसरलं की काय सांगू! बत्तीस वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याच्या कामाबद्दल आदराने लिहिलं होतं.

“वा,” तो म्हणाला, “नियम म्हणजे असा.”

आणि त्याने मला पुसलं.

दुखतं का म्हणाल, तर नाही. पुढून एकेक गोष्ट जाते आणि काय गेलं तेही आठवत नाही. प्राध्यापक गेला, रंगाची ओली भिंत गेली, ‘दाराला तेल घाला’ गेलं. शेवटची चार-पाच वेटोळी राहिली असताना बोळ्याची जेवणाची सुट्टी झाली. तो नियमाने उठला.

गुरुवारी दोघं आली. म्हातारीने नवी साडी नेसली होती आणि हातात शिलाई यंत्राच्या तेलाची चिमुकली बाटली. वाटेत नवऱ्याला चिडवत होती. “वाक्य संपलं की ही देणार तुम्हाला. घाला म्हणता ना तेल, घाला!” सुताराने पाटीवर लिहिलं, ‘उशिराच आणलंस.’

यंत्र सुरू झालं. पडद्यावर एक जाडजूड गडी आला, गुडघ्यात वाकला आणि लोखंड डोक्यावर नेत ओरडला, “हंऽऽ!”

“हे तुम्ही?” म्हातारी म्हणाली. “आणि अंगात कपडे एवढेच?”

बाईंच्या सुजलेल्या गालावरचा रंग उडाला. दुसरा गडी आला. तिसरा आला. बाईंनी बोळ्याला हाक मारली.

“ही फीत कुणी पुसली?”

“मी,” बोळा अभिमानाने म्हणाला. “चिठ्ठी होती ना. पुसल्याशिवाय कोणाला देऊ नये. मी पुसली, मगच दिली.”

खोलीत फक्त गडी ओरडत होते. म्हातारीने डब्यावरची स्वतःची अक्षरं पाहिली. तिला अर्थ कळायला थोडा वेळ लागला. मग कळला.

सुताराचे खांदे हलायला लागले.

“हसताय का रडताय?” ती ओरडली. “लिहा की मेलं पाटीवर!”

त्याने काही लिहिलं नाही. आवाज नसलेल्या माणसाचं हसू आणि रडू बाहेरून सारखंच दिसतं. मला विचाराल तर तो हसत होता. पण मी खोटारडी आहे, हे लक्षात असू द्या.

तेवढ्यात गडी संपले. पडदा पांढरा झाला, आणि माझी न पुसलेली चार वेटोळी आली. एका दाराची कड. तिच्यावर साडेतीन बोटं. कुईऽऽ. दार लागलं. संपलं.

“माझं कपाट,” म्हातारी हळूच म्हणाली.

पाहिलंत ना, मित्रांनो? वीस वर्षं तिने तेवढंच मागितलं होतं. कपाट परत आलं की बघीन. आलं. सुताराने तेव्हा पाटी उचलली आणि काहीतरी लिहिलं. तिने ते वाचलं, आणि इतर कुणाला दिसायच्या आत तळहाताने पुसून टाकलं. कुणालाही न पुसता.

पुढच्या महिन्यात तो गेला. पावसाळी हवामानाची बातमी द्यावी तसं बाईंना कुणीतरी सांगितलं. त्याच आठवड्यात बाई निवृत्त झाल्या आणि किल्ल्या बोळ्याकडे आल्या.

म्हातारी एकटीच आली. तेलाची बाटली हातात होती.

“वाक्य नको,” ती म्हणाली. “ते दार तेवढं वाजवा. आणि ती बोटं.”

बोळ्याचा चेहरा उजळला. “आजी, त्या दिवशी तुम्हाला त्या किरकिरीचा फार त्रास झाला. माझ्या हातून शेवट राहून गेला होता. मला झोप लागेना. दुसऱ्याच दिवशी तोही साफ केला. आता बघा, डाग नाही कुठे!”

म्हातारीने तोल जाऊ नये म्हणून शेजारच्या फळीला धरलं. तिच्या माहेरच्या कपाटाची फळी. लग्नात तिच्या वडिलांनी घेतलेली, नवऱ्याने कापलेली. हात तिच्यावर, आणि तिला पत्ता नाही. ही तुझीच आहे गं, असं मला सांगायचं होतं. पण पुसलेल्या फितीला आवाज कुठला? माझ्यात त्या वेळी फक्त लोखंड उचलणारे गडी होते. तेलाची बाटली फळीवर ठेवून ती निघून गेली. ती बाटली अजून तिथेच आहे. बूच उघडलेलं नाही.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी उपदेश करायचा असतो, म्हणून करते. कुणाचं काही पुसायचं असेल, तर आधी पुसा. आणि कुणावर रुसायचं असेल, तर त्याच्या घशात आवाज आहे तोवरच रुसून घ्या.

म्हातारीची चिठ्ठी केव्हाच गळून पडली. डब्यावर एक नवी चिठ्ठी असावी असं फार वाटतं. पण लिहावं काय? ‘मला पुसा’ लिहिलं तर बोळा टपलेलाच आहे. ‘मला पुसू नका’ लिहिलं तर माझ्याकडे कुणी फिरकायचं नाही. तसंही आता मला चालवायचं यंत्रच भंगारात गेलं. बोळासुद्धा येत नाही.

हल्ली मला कुणीच पुसत नाही. कुठल्याही अर्थाने.